शाळेची सकाळ आणि शेतकऱ्याचें घर

ह्या मासिकाच्या पानांतून बी-बियाणें, खतें, पाण्याच्या पाळ्या, जनावरांचे रोग इत्यादि विषयांची चर्चा नेहमीं होत असते, आणि तें योग्यच आहे. परंतु शेतकऱ्याच्या दिवसाचा जो पहिला प्रहर, त्यांतील बराचसा वेळ व त्याहूनहि अधिक शक्ति हल्लीं मुलांना शाळेंत रवाना करण्यांत खर्च होते, ह्याकडे आपलें फारसें लक्ष गेलेलें नाहीं. शहरांतील नोकरदाराच्या घरीं सकाळीं मुलें आणि डबे एवढेंच प्रकरण असतें. आपल्याकडे त्याच घटकेला गोठा असतो. धारा वेळेवर निघाल्या नाहींत तर डेअरीचें संकलन बंद होतें. रोजंदारीचीं माणसें यावयाचीं असतात. आणि जेथें शेतीपंपाची वीज अजून पाळीनें रात्रीं मिळते, तेथें घरचा कर्ता पुरुष रात्रभर दारें धरून नुकताच अंथरुणावर पडलेला असतो. ह्या साऱ्यांच्या मध्यें घरची लक्ष्मी एकटी उभी असते. धार, भाकरी, आंघोळीचें पाणी, वेणी, डबा आणि हरवलेला मोजा हें सर्व तिनें एकाच वेळीं पाहावयाचें. मग आरडाओरडा होतो, एखादा फटका बसतो, मूल अर्ध्या पोटीं डोळे पुसत निघतें, आणि आपण म्हणतों कीं आजकालचीं मुलेंच आळशी झालीं आहेत.

आमचेंहि मत पुष्कळ वर्षें असेंच होतें. तें ज्या प्रसंगानें बदललें तो येथें सांगितला पाहिजे, जरी त्यांत आमचा गौरव नाहीं. घरीं आम्ही उभयतां, मुलगा, सून, नात व नातू अशीं सहा माणसें. गोठ्यांत दोन संकरित गाई व एक म्हैस. तीन वर्षांपूर्वीं नात सहावींत होती व एस. टी.नें शेजारच्या गांवच्या हायस्कुलांत जात असे. नातू दुसरींत, गांवच्याच शाळेंत. सहामाही परीक्षेनंतर हायस्कुलानें पालकांना बोलावलें. मुलगा कांद्याच्या कामांत गुंतलेला, म्हणून आम्ही गेलों. वर्गशिक्षिकाबाईंनीं हजेरीपत्रक पुढें केलें. त्या एका सत्रांत आमची नात एकतीस दिवस उशिरा आली होती. पहिला तास गणिताचा, आणि मुलगी नेमकी गणितांत मागें पडलेली. बाईंनीं तिला आमच्यासमोर सहज विचारलें, "सकाळीं घरीं काय करतेस ग?" तिनें मान खालीं घालून उत्तर दिलें, "लहान भावाला तयार करतें."

त्याला उठविणें, आंघोळ घालणें, बटणें लावणें, दप्तर भरणें, बूट शोधून पायांत चढविणें, हें सर्व ती पोर करी. आणि तें उरकेपर्यंत तिची पहिली गाडी निघून जाई. ह्या वेळीं आम्ही काय करीत होतों? ओसरीवर चहा घेत वर्तमानपत्र वाचीत होतों, आणि कोणी पाहुणा आला तर त्याला कौतुकानें सांगत होतों कीं, आमची नात मोठी गुणाची, धाकट्याचें सगळें तीच पाहते! सात वर्षांचा धडधाकट मुलगा स्वतःचे बूट घालीत नाहीं म्हणून बारा वर्षांच्या मुलीचें गणित बुडतें, हा हिशेब त्या दिवशीं प्रथम आमच्या ध्यानांत आला.

पीक पिवळें पडलें म्हणजे जाणता शेतकरी आधीं रोप उपटून मूळ पाहतो, मग उपाय करतो. त्याच रीतीनें आम्ही तीन सकाळीं घड्याळ व वही घेऊन ओसरीवर बसलों आणि वेळ कोठें जातो तें टिपून ठेवलें. आंघोळीस सहा-सात मिनिटें, कपड्यांस पांच, खाण्यास बारा. एवढीं कामें अर्ध्या तासाच्या आंतच होतात. उरलेला पाऊण तास शोधण्यांत, मागण्यांत आणि वाट पाहण्यांत जात होता. एका सकाळींत "आई" ही हांक अठरा वेळां ऐकूं आली. आणि हांक मारण्याचें कारण पाहूं गेलों तर तें प्रत्येक वेळीं खरें होतें. पंचा उंच दोरीवर. गणवेश पत्र्याच्या पेटींत मोठ्यांच्या कपड्यांखालीं. आरसा मुलाच्या डोक्याच्या हातभर वर आणि कंगवा त्याहून वरच्या फळीवर. पाण्याचा माठ ओट्यावर, जेथें त्याचा हात पोंचत नाहीं. मुलानें स्वतः करावयाचें मनांत आणलें असतें तरी त्याला तें करतां आलें नसतें, कारण आमचें सगळें घर मोठ्या माणसांच्या मापानें मांडलेलें होतें.

हा विचार अर्थात् आमचा स्वतःचा नव्हे. इटलींतील डॉ. मारिया मॉन्टेसोरी ह्यांनीं १९०७ सालीं रोम शहराच्या एका गरीब वस्तींत आपलें पहिलें बालगृह उघडलें. तेथें मेजें-खुर्च्या मुलांना उचलतां येतील अशा हलक्या आणि कपाटें त्यांच्या हाताला लागतील अशीं बुटकीं केलेलीं होतीं. पुढें १९३९ सालीं त्या हिंदुस्थानांत आल्या आणि युद्धाचीं वर्षें येथेंच राहून त्यांनीं शिक्षकांचे वर्ग चालविले. परंतु शेतकऱ्यानें अधिक शिकावें असें काम आपल्याच प्रांतांत झालें आहे. भावनगर येथें गिजुभाई बधेका ह्यांच्या समवेत अनुभव घेतलेल्या ताराबाई मोडक ह्यांनीं १९४५ सालीं बोर्डी येथें बालवाडी सुरू केली. अनुताई वाघ त्यांच्या सोबतीस होत्या, आणि १९५७ पासून हें काम कोसबाडच्या टेकडीवर चाललें. तेथील आदिवासी मुलांसाठीं परदेशी पद्धतीचीं महाग साधनें आणणें शक्यहि नव्हतें आणि इष्टहि नव्हतें. शिंपले, बिया, खडे, पानें हींच त्यांनीं साधनें केलीं. जीं मुलें गुरें राखण्यास जात त्यांच्यासाठीं शाळाच कुरणांत नेली. तेव्हां मुलाच्या मापाचें घर करावयाचें म्हणजे पैसे खर्च करावे लागतात, अशी समजूत कोणीं करून घेऊं नये.

आमच्या घरीं काय केलें तें सांगतों. ओसरीच्या एका भिंतीवर दोन्ही मुलांच्या खांद्याच्या उंचीला वेगवेगळ्या खुंट्या ठोकल्या: एक दप्तराची, एक गणवेशाची, एक पंचाची. खालीं टोमॅटोचे दोन जुने क्रेट आडवे ठेवले. त्यांत बूट, मोजे, पाण्याची बाटली. आरसा खालीं उतरविला व त्याच्याजवळ कंगवा दोऱ्यानें बांधून टाकला, हें विशेष सांगावयाचें कारण आमच्या घरांतील कंगवा पूर्वीं रोज नव्या जागीं सांपडत असे. न्हाणीघरांत मुलाला भरलेली उचलतां येईल अशी पांच लिटरची लहान बादली ठेवली. माठ एका बुटक्या तिवईवर आला आणि त्याला तोटी बसविली. ओसरीवर एक स्वस्तांतलें भिंतीचें घड्याळ मुलांच्या नजरेला पडेल असें लावलें, आणि लांब कांटा कोठें आला म्हणजे न्हाणीघरांत जावयाचें व कोठें आला म्हणजे ताटावर बसावयाचें तेथें तांबड्या रंगाचे ठिपके दिले. घड्याळ ओरडत नाहीं व मारीत नाहीं. शिवाय त्याच्याशीं हुज्जत घालतां येत नाहीं. सर्व मिळून खर्च युरियाच्या दोन गोण्यांच्या किंमतीएवढाहि आला नाहीं.

परंतु खरी सकाळ आदल्या संध्याकाळीं घडते. पेरणीच्या दिवशीं पाभरीचे फण शोधीत बसणाऱ्या शेतकऱ्यास आपण हंसतों, आणि मूल मात्र गाडी दाराशीं आल्यावर कंपासपेटी शोधतें, ह्यांत आपल्याला नवल वाटत नाहीं. दिवेलागणीनंतर अभ्यास आटोपला कीं तेथेंच वेळापत्रक पाहून दप्तर भरावयाचें, दुसऱ्या दिवशींचा गणवेश खुंटीला लावावयाचा, बूट पुसून जागेवर ठेवावयाचे, बाटली विसळून पालथी घालावयाची. हीं कामें झाल्यावांचून पान वाढावयाचें नाहीं, असा नियम केला. नियम मोडण्याचे प्रयत्न झाले, पण जेवणाची भूक ही चांगली साहाय्यक असते. पावसाळ्यांत गणवेश वाळत नाहीं ही आपल्याकडील मोठी अडचण आहे. तिच्यासाठीं दोन जोड हवेतच, आणि ओल्या बुटांत रात्रीं वर्तमानपत्राचे बोळे कोंबून ठेवावे. सकाळपर्यंत पुष्कळ ओल शोषली जाते.

दप्तराविषयीं आणखी एक गोष्ट. केंद्र सरकारच्या २०२० च्या दप्तर-धोरणाप्रमाणें दप्तराचें वजन मुलाच्या वजनाच्या एक दशांशाहून अधिक असूं नये. आमच्या नातवाचें वजन बावीस किलो. म्हणजे दप्तर सव्वादोन किलोच्या आंत हवें. घरच्या तोलकाट्यावर तें टांगून पाहिलें तर चार किलो भरलें! सगळीं पुस्तकें, सगळ्या वह्या, गेल्या वर्षींचा एक शब्दकोश आणि तळाशीं चिंचोके. बहिणीला भावाचें वेळापत्रक पाठ नव्हतें, म्हणून ती बिचारी सर्वच भरून देत होती. ज्याचें ओझें त्यानेंच भरलें म्हणजे तें आपोआप हलकें होतें.

झोपेचा प्रश्न ह्याहून अवघड. अमेरिकेंतील निद्रावैद्यांच्या संस्थेनें २०१६ सालीं सांगितल्याप्रमाणें सहा ते बारा वर्षांच्या मुलांना चोवीस तासांत नऊ ते बारा तास झोप पाहिजे. सहाला उठणारें मूल नऊला झोपलेलें असलें पाहिजे, हा सरळ हिशेब झाला. आपल्या घरांतून नऊ वाजतां दूरदर्शनसंच चालू असतो, आणि हल्लीं मोबाईल. चौथीपर्यंतचे वर्ग सकाळीं नऊच्या आधीं भरवूं नयेत असा निर्णय राज्याच्या शालेय शिक्षण विभागानें फेब्रुवारी २०२४ मध्यें काढला, त्याचेंहि कारण मुलांची अपुरी झोप हेंच होतें. निर्णय चांगला आहे. परंतु शाळा उशिरा भरली म्हणून मूल आणखी उशिरा झोपूं लागलें, तर त्याचा उपयोग काय? आमच्या घरीं नऊनंतर मोठ्यांनींच मोबाईल आंतल्या खोलींत ठेवण्याचें ठरविलें. हा नियम मुलांपेक्षां आम्हांला जड गेला, बाजारभाव पाहण्याची वेळ नेमकी तीच असल्यामुळें.

आतां मुख्य गोष्ट. वस्तू हाताशीं आणून ठेवल्या म्हणजे मूल लगेच स्वावलंबी होतें असें नाहीं. नवा गोऱ्हा औताला लावतांना आपण काय करतों? त्याला जुन्या, शांत बैलाशेजारीं जोडतों, हलकें काम देतों, दोन तास झाले कीं सोडतों. पहिल्या दिवशीं त्यानें सरळ तास धरला नाहीं म्हणून कोणी त्याच्या जागीं स्वतः मान देत नाहीं. मुलांच्या बाबतींत मात्र आपण हेंच करतों. बटण लावावयाला त्याला तीन मिनिटें लागतात, आपल्याला दहा सेकंद. म्हणून आपण पुढें होतों, आणि तीं दहा सेकंदें वांचविण्यासाठीं पुढचीं तीन वर्षें बटणें लावीत बसतों. आम्हीं एका वेळीं एकच काम त्याच्याकडे दिलें. प्रथम बूट, तें बसल्यावर आंघोळ, मग दप्तर, सर्वांत शेवटीं स्वतः उठणें. प्रत्येकाला दोन-तीन आठवडे लागले. आधीं बरोबर करावयाचें, मग नुसतें जवळ उभें राहावयाचें, मग लांबून पाहावयाचें. जें काम एकदां सोंपविलें तें पुन्हां हातांतून हिसकावून घ्यावयाचें नाहीं, ही अट सर्वांत कठीण गेली.

घरांतून विरोध झाला तो आजीचा. "लहान आहे हो अजून, एवढ्यांत काय कामाला जुंपतां त्याला?" असें ती म्हणे, आणि आमची पाठ वळली कीं हळूच त्याच्या वेण्या... नव्हे, बुटाच्या नाड्या बांधून देई. आम्हीं वाद घातला नाहीं. एका संध्याकाळीं तिला नातीचें गणिताचें प्रगतिपत्रक वाचून दाखविलें आणि बाईंनीं विचारलेला प्रश्न सांगितला. ती बराच वेळ कांहीं बोलली नाहीं. दुसऱ्या दिवसापासून नाड्या बांधणें बंद झालें. मात्र मुलगा शेजारीं बसून बांधीत असतां ती पाहत राही व मधून मधून सुस्कारा टाकी.

चुका पुष्कळ झाल्या. पहिल्या महिन्यांत दूध दोनदां सांडलें, सदरा उलटा घालून मुलगा शाळेंत जाऊन आला, आणि एकदां गृहपाठाची वही घरींच राहिली. बापाची मोटारसायकल दाराशीं होती. वही पोंचती करण्यास पांच मिनिटें लागलीं नसतीं. आम्हीं ती नेऊं दिली नाहीं. गुरुजींनीं त्याला काय सांगितलें तें आम्ही विचारलें नाहीं, पण त्यानंतर वही राहिली नाहीं. न्याहरी मात्र ह्या नियमांतून वगळली पाहिजे. उशीर झाला म्हणून मुलाला उपाशी पाठविणें ही शिक्षा नव्हे, अन्याय आहे. दशम्या किंवा भाकरी-चटणीचा रोल करून हातांत द्यावा, पण रिकाम्या पोटीं पाठवूं नये.

येथें एका धोक्याकडे वाचकांचें लक्ष वेधणें अत्यंत जरूर आहे. मूल स्वतः वस्तू घेऊं लागलें म्हणजे तें सर्वच वस्तू घेऊं लागतें. आमच्या नातवानें एके सकाळीं दुधासाठीं म्हणून पडवीच्या फळीवरून एक मापाचा पेला खालीं घेतला. तो तणनाशक मोजण्याचा होता. सूनबाईची नजर वेळेवर गेली म्हणून निभावलें. नाहींतर हा लेख लिहिण्याचें धैर्य आम्हांला झालें नसतें. दोष मुलाचा मुळींच नव्हता. पेला स्वच्छ दिसत होता, हाताशीं होता, आणि आम्हींच त्याला शिकविलें होतें कीं जें लागेल तें आपलें आपण घ्यावें. त्याच दिवशीं सर्व औषधें, मापें, फवाऱ्याचे भाग व रिकाम्या बाटल्या घरांतून काढून गोठ्यापलीकडच्या खोलींत कुलपाच्या पेटींत ठेवल्या. औषधाच्या डब्यावरील चौकटींत खालचा त्रिकोण लाल असेल तर तें अत्यंत विषारी, पिवळा असेल तर त्याखालोखाल, मग निळा आणि शेवटीं हिरवा, हें आपल्याला माहीत असतें. मुलाला माहीत नसतें, आणि हिरवा त्रिकोण म्हणजे निर्धोक असाहि अर्थ नव्हे. औषधाची रिकामी बाटली कितीहि धुतली तरी तिच्यांत पाणी, तेल किंवा रॉकेल भरून ठेवूं नये. ती भोंसकून निकामी करावी.

तसेंच बंबाचें किंवा चुलीवरचें कढत पाणी. तें मोठ्या माणसानेंच उतरवावें, आणि बादलींत आधीं थंड पाणी, मग त्यावर कढत, हा क्रम कधीं बदलूं नये. कडबाकुट्टीचें बटण मुलांच्या हाताला लागणार नाहीं इतकें उंच असावें, आणि काम संपतांच मुख्य स्विच बंद करावा. घरांतील चांगल्या वस्तू खालीं याव्या आणि घातक वस्तू कुलपांत जाव्या, हीं दोन्ही कामें एकाच दिवशीं करावींत. आम्हीं पहिलें आधीं केलें, ही आमची चूक.

पुरुषांविषयीं लिहिणें थोडें अप्रिय आहे. मुलें स्वावलंबी झाल्यानें जो वेळ वांचतो तो घरच्या बाईच्या वांट्याला नव्या कामाच्या रूपानें येणार असेल, तर तिनें ह्या खटाटोपांत मन कां घालावें? आमच्याकडे शेण-घाण काढणें व गाईंच्या धारा मुलानें आपल्याकडे घेतल्या, कढत पाणी उतरविण्याचें काम आमच्याकडे आलें, आणि वर्तमानपत्र दुपारीं वाचावयाचें ठरलें. त्यांतल्या बातम्या दुपारपर्यंत नासत नाहींत असा अनुभव आहे. ज्यांच्या वस्तीवर सालगड्याचें कुटुंब राहतें, त्यांनीं त्याच्याहि मुलांची सकाळ एकदां पाहून यावी. त्या आईला धन्याच्या गोठ्यांत सहाला बोलावलें तर तिच्या मुलांचीं तोंडें कोण धुणार, हा प्रश्न धन्याचाच आहे.

सर्व कांहीं सुरळीत झालें असें आम्ही म्हणत नाहीं. शनिवारची सकाळची शाळा अजूनहि आमची परीक्षा पाहते. कांद्याच्या लागणीच्या व काढणीच्या दिवसांत तर ही व्यवस्था आठ-आठ दिवस मोडते. क्रेटमध्यें बुटांऐवजीं कांदेहि सांपडतात. मात्र नात गेल्या दोन वर्षांत पहिल्या तासाला क्वचितच चुकली आहे, आणि गणितांत ती आतां वर्गाच्या बरोबरीनें चालते. नातू पांचवींत गेला. स्वतः उठतो, कधीं कधीं आम्हांलाहि उठवितो.

ज्यांना हा प्रयोग करावयाचा असेल त्यांनीं तो जूनमध्यें आरंभूं नये. पेरणी आणि शाळा एकाच वेळीं येतात, आणि तेव्हां कोणालाच फुरसत नसते. विदर्भांत उन्हामुळें शाळा थोड्या उशिरा उघडतात. बाकीच्यांना वेळ त्याहून कमी. उन्हाळ्यांत औतें दुरुस्तीला काढावीं, त्याच आठवड्यांत खुंट्या ठोकाव्या व औषधांची पेटी कुलपांत घालावी. मुलाला शाळा नसतांना बूट, आंघोळ आणि अंथरूण एवढींच कामें द्यावींत. सुताराला बोलावतांना मुलाला भिंतीशीं उभें करून माप घ्यावें, आणि खुंटीला वरच्या बाजूस आणखी दोन भोकें पाडून ठेवावींत. मूल वर्षाला दोन-तीन बोटें वाढतें.